सुट्टीत नागपूरला येताय? हॉटेलच्या बुफेवर जेवताना पोट कसं सांभाळाल

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे पाहुणे बरेच येतात. शाळांना सुट्ट्या असतात, लग्नं असतात, आणि जंगलातले पाणवठे आटत आल्यामुळे वाघ दिसण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त. पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला निघालेल्यांचा पहिला मुक्काम बहुधा नागपुरात पडतो. हॉटेल असो की रिसॉर्ट, खोलीच्या भाड्यात सकाळचा बुफे धरलेला असतो. त्याच दिवसांत इथला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. २३ मे २०१३ रोजी तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. म्हणजे अन्न सगळ्यांत लवकर नासण्याच्या दिवसांतच शेकडो माणसं एकाच टेबलावरून वाढून घेत असतात.

पहिल्यांदाच अशा ठिकाणी उतरणारी कुटुंबं मला दोन प्रकारची दिसतात. काहींना कशाचीच फिकीर नसते. काहींना प्रत्येक वाटीत जंतू दिसतात आणि ती चार दिवस बिस्किटांवर काढतात. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे : काळजी घ्या, पण योग्य जागी घ्या. टेबलक्लॉथवरचा डाग, ताटलीचा उडालेला टवका, वेटरचा मळका एप्रन यांवर आपली नजर पटकन जाते. पोट मात्र बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी बिघडतं. अन्न किती वेळ कोमट राहिलं, ही पहिली. तुमच्या आधी तो चमचा किती जणांनी धरला आणि नंतर तुम्ही हात धुतले की नाही, ही दुसरी. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर बुफेवर मजेत जेवता येतं.

निघण्याआधी

सामान फार लागत नाही. साबणाच्या कागदी पट्ट्या किंवा छोटी वडी, कागदी नॅपकिन, आणि ओआरएसची चार-पाच पाकिटं. सॅनिटायझर घ्या, त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के आहे हे बाटलीवर वाचून घ्या. पण तो साबणाची जागा घेत नाही, का ते पुढे येईलच.

खोली बुक करताना फोनवर एवढं विचारा : "नाश्ता बुफेत असतो की ऑर्डरप्रमाणे?" पाहुणे कमी असले की बरीच हॉटेलं बुफे लावत नाहीत, मागाल तसं करून देतात. सोबत तान्हं मूल, गरोदर बाई किंवा सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर मी ऑर्डरप्रमाणे देणारं हॉटेल निवडेन. तव्यावरून थेट ताटात आलेल्या पोळीला जंतू धरायला वेळच मिळत नाही.

हॉटेलात शिरल्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक कुठं लावलाय ते बघा. तो दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पाटी आहे म्हणजे स्वयंपाकघर चकाचक आहे असं नाही, पण पुढं तक्रार करायची वेळ आली तर हा आकडा उपयोगी पडतो.

वेळ साधा

शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दोन आकड्यांमधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. साध्या खोलीच्या तापमानाला अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा ढोबळ नियम आहे. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. एसी नीट चालणारं दालन असेल तर दोन तास धरा. हिरवळीवर, शामियान्यात, कूलरच्या भरवशावर मांडलेलं जेवण असेल तर एकच तास.

नाश्ता साडेसात ते साडेदहा असा असेल, तर साडेसात-आठला खाली उतरा. तेव्हा ट्रे नुकते भरलेले असतात आणि चमच्यांनाही फार हात लागलेले नसतात. दहानंतर जाल तर तळाशी उरलेले पोहे आणि कोमट सांबार मिळेल. सुट्टीत लवकर उठणं नको वाटतं, ते मी समजू शकतो. मग उशिरा गेल्यावर जे समोर करून मिळतं तेवढंच घ्या : डोसा, ऑम्लेट, टोस्ट, चहा.

आधी रिकाम्या हातानं एक फेरी

ताटली उचलण्याआधी सगळ्या टेबलांना एक चक्कर मारा. दोन मिनिटांत बरंच कळतं.

गरम पदार्थ शेफिंग डिशमध्ये ठेवलेले असतात. खाली पाण्याचा ट्रे, त्याखाली जेलचा किंवा विजेचा बर्नर. हे भांडं गरम अन्न गरम ठेवण्यापुरतं असतं. थंड झालेलं अन्न त्यात पुरेसं तापत नाही. म्हणून बर्नर पेटलेला आहे का, हे वाकून पाहा. झाकण उचलल्यावर वाफ यायला हवी. झाकण तासभर उघडंच असेल आणि भाजीवर साय धरल्यासारखा थर आला असेल, तर ती भाजी कितीही चांगली दिसली तरी सोडून द्या.

मग ट्रे संपत आल्यावर काय होतं ते बघा. चांगल्या ठिकाणी रिकामा ट्रे आत जातो आणि नवा भरलेला ट्रे येतो. काही ठिकाणी जुन्यावरच नवं ओततात. त्यामुळे तळाचं दोन तासांपूर्वीचं अन्न ताज्यात मिसळतं आणि नव्या भाजीचं वय जुन्याइतकंच होतं. अशा वेळी थेट सांगा : "भाऊ, नवीन ट्रे आला की द्याल का?" इथली माणसं असं विचारल्यावर रागावत नाहीत. उलट बऱ्याचदा आतून गरम वाटी आणून देतात.

थंड पदार्थांखाली बर्फ हवा. कापलेली फळं, रायता, खीर नुसत्या टेबलावर ठेवली असतील तर ती टाळलेली बरी. अन्नावर काचेचा आडोसा आहे का, माश्या आहेत का, आमटीची पळी आमटीतच बुडालेली आहे का, हेही याच फेरीत दिसतं. चमचे पाण्यानं भरलेल्या बादलीत उभे केले असतील तर ते घेऊ नका. त्या पाण्यात सगळ्यांचे हात बुडालेले असतात. कोरडा चमचा मागा. ताटली ओली असेल तर तिथल्या फडक्यानं पुसू देऊ नका, आपल्या कागदी नॅपकिननं पुसा.

वाढणाऱ्यांच्या हातमोज्यांवर फार विसंबू नका. तोच मोजा घालून मोबाइल उचलला, खुर्ची सरकवली आणि पुन्हा पोळी वाढली, तर मोज्याचा उपयोग शून्य. वाढणारा माणूस मध्ये हात धुतो का किंवा मोजे बदलतो का, तेवढं बघा.

हात कधी धुवायचे

या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : वाढून घेतल्यानंतर आणि पहिला घास घेण्याआधी हात धुवा.

बहुतेक जण खोलीतून हात धुऊन येतात, मग ताटली घेतात, आठ-दहा पळ्या आणि चिमटे धरतात, आणि त्याच हातानं पुरी मोडतात. परदेशी पाहुणा काट्यानं खातो, त्याचा हात तोंडापर्यंत कमी जातो. आपण हातानं जेवतो, म्हणून चिमट्याच्या मुठीवरचं सगळं थेट घासात येतं. पंगतीत हा प्रश्न नव्हता. पळी वाढप्याच्या हातात असे आणि जेवणाऱ्याचा हात आपल्या पानापुरता. बुफेत मात्र प्रत्येक जण वाढपी असतो आणि प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या जेवणापर्यंत पोचतो.

किती पोचतो, हे जपानच्या एनएचके वाहिनीनं २०२० साली एका प्रयोगात दाखवलं. दहा माणसांना बुफेवर बोलावलं आणि एकाच्या हाताला न दिसणारा, पण अतिनील प्रकाशात चमकणारा रंग लावला. अर्ध्या तासानंतर त्या प्रकाशात पाहिलं, तर रंग सगळ्यांपर्यंत गेलेला होता आणि तिघांच्या चेहऱ्यालाही लागला होता. तो प्रयोग कोरोनाच्या काळातला. पण अशा हातोहात पसरण्यासाठी खरा कुख्यात विषाणू आहे नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबांच्या साथी, विशेषतः क्रूझ जहाजांवरच्या, बहुतेक त्याच्याच. त्याचे अगदी थोडे कणही माणसाला आजारी पाडायला पुरतात. आणि अल्कोहोलचा सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. म्हणून साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. सॅनिटायझर बेसिन जवळ नसेल तेव्हासाठी. हात तेलकट असतील तर तेव्हाही त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : ताटली भरा, टेबलावर ठेवा, घरातल्या एकाला राखणीला बसवा, बाकीच्यांनी हात धुऊन यावं, मग त्यानं जावं. नळ धुतलेल्या हातानं बंद करू नका, नॅपकिननं धरून करा. जेवणाच्या मध्ये मोबाइलला हात लावू नका. तो मोबाइल सकाळपासून टॅक्सीत, तिकीट खिडकीवर आणि चहाच्या टपरीवर फिरून आलेला असतो.

दुसऱ्या फेरीला नवी ताटली घ्या. जुन्या ताटलीला पळी टेकते, तीच पळी परत ट्रेमध्ये जाते आणि तुमचं उष्टं सगळ्यांना मिळतं. आजीनं घरात उष्ट्या हातानं डाव धरू दिला नसता. तोच नियम इथंही पाळा. पळी ताटलीला टेकू न देता वरून सोडा.

काय घ्यावं, काय सोडावं

ओलसर, कोमट आणि प्रथिनं किंवा पिठूळ भाग असलेले पदार्थ जंतूंना आवडतात. फार गोड, फार आंबट, फार खारट किंवा अगदी कोरडे पदार्थ त्यांना मानवत नाहीत. लोणचं, पापड, कोरडी चटणी, गरम गुलाबजाम, संत्रा बर्फीचा नुकत्याच उघडलेल्या डब्यातला तुकडा, यांची फार चिंता करू नका.

भाताकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण त्यावर कुणालाच संशय येत नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदळात असतात आणि ते शिजवण्यानं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणजे कालच्या भाताचा आजचा फ्राइड राइस कढईतून वाफाळत आला तरी सुरक्षित असेलच असं नाही. वडाभात, मसालेभात, पुलाव, जे असेल ते दुपारच्या बुफेत सुरुवातीला घ्या, शेवटी घेऊ नका.

पोह्यांचं त्या मानानं सोपं आहे, कारण सकाळचे पोहे भराभर संपतात. त्यांवर घालायची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, उकळती असेल तर बिनधास्त घ्या. एक गैरसमज मात्र इथं फार पक्का आहे, की सावजीचं, म्हणजे इथल्या झणझणीत मसालेदार जेवणाचं, तिखट आणि तर्रीचा झणका पोटातले जंतू मारतो. जंतू मारते ती उकळी. तिखटानं डोळ्यांतून पाणी येतं, पण मोठ्या भांड्यात रात्रभर हळूहळू थंड झालेल्या मटणाच्या रश्श्यात क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू वाढतोच. जाड रस्सा आणि मोठं भांडं असलं की आतला भाग निवायला फार वेळ लागतो, आणि जंतूला वाढायला तोच वेळ मिळतो. सावजी खायचंच असेल, आणि नागपुरात येऊन ते खावंच, तर बुफेच्या ट्रेमधलं खाण्यापेक्षा सावजी भोजनालयात बसून समोर गरम आलेलं खा.

नारळाची चटणी हा नाश्त्याच्या टेबलावरचा सगळ्यांत नाजूक पदार्थ. ती ओली असते, तिच्यात आंबटपणा कमी आणि ती टेबलावर तासन्‌तास राहते. बर्फात ठेवलेली नसेल तर इडली सांबाराबरोबर खा. दही आंबट असल्यानं ताजं आणि थंड असेल तर चालतं. अंडं पूर्ण शिजलेलं घ्या. पातळ बलक नको, मुलांना तर नकोच. बासुंदी, रसमलई, क्रीमची पेस्ट्री फ्रीजमधून नुकती बाहेर आली असेल तरच.

कच्च्या सॅलडबद्दल माझं मत कडक आहे : उन्हाळ्यात बुफेवरचं सॅलड घेऊ नये. काकडी-टोमॅटो कोणत्या पाण्यात धुतले, कोणत्या सुरीनं चिरले, किती आधी, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. कापलेल्या कलिंगड-पपईचंही तेच. त्याऐवजी अख्खं फळ घ्या आणि स्वतः सोला. केळं वर्षभर मिळतं, आणि संत्र्याच्या शहरात आहात. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारीपासून बाजारात असतात. हात धुऊन स्वतः सोललेल्या संत्र्याइतकं सुरक्षित फळ बुफेवर दुसरं नाही.

पन्हं, मठ्ठा, आमरस, सरबत यांत खरा प्रश्न बर्फाचा. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात त्यात निळा रंग मिसळायला सांगितलेलं आहे. निळसर बर्फ दिसला तर तो पेयात पडता कामा नये. एरवीही "बर्फ नको" म्हणणं सोपं. पाणी सीलबंद बाटलीचं, सील स्वतः मोडून.

जंगलातल्या रिसॉर्टवर

सफारीवाल्यांची अडचण वेगळी असते. पहाटे पाच-साडेपाचला जिप्सी निघते, परत यायला दहा-अकरा वाजतात. बऱ्याच रिसॉर्टवर नाश्त्याचं पार्सल बरोबर देतात. सँडविच, उकडलेली अंडी, पराठे डब्यात भरून जिप्सीच्या मागच्या सीटवर उन्हात तापत राहतात. मेयोनेज आणि चटणीची सँडविचेस नाकारा. त्याऐवजी अख्खी फळं, पॅकबंद बिस्किटं, खाकरा, शेंगदाण्याचा लाडू मागा. अंडी दिलीच तर सोललेली नकोत, आणि ती पहिल्या तासाभरातच खाऊन टाका.

परत आल्यावर सगळ्या जिप्सी एकदम पोचतात. धुळीनं माखलेली, भुकेली माणसं तशीच टेबलाकडे धावतात. जिप्सीच्या दांड्या, दुर्बिणी, टोप्या, सगळ्याची धूळ त्यांच्या हातांवर असते. तुम्ही आधी खोलीवर जा, हात-तोंड धुवा, दहा मिनिटांनी या. गर्दीही ओसरलेली असते आणि बहुधा ट्रेही पुन्हा भरलेले असतात. आडरानात डॉक्टर लांब असतो, म्हणून शहरात जेवढी काळजी घ्याल त्याहून थोडी जास्त इथं घ्या.

मुलं सोबत असतील तर

मुलांना बुफेवर एकटं सोडू नका. त्यांचं डोकं ट्रेच्या उंचीला असतं, शिंक थेट अन्नावर जाते, आणि हातानं पुरी उचलून परत ठेवणं त्यांना चुकीचं वाटत नाही. त्यांचं ताट तुम्ही वाढा. चॉकलेट फाउंटन आणि पाणीपुरीचा काउंटर त्यांना हमखास ओढतो. पाणीपुरीला मी तरी ठाम नाही म्हणतो.

पोट बिघडलंच तर

आधी घड्याळ बघा. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या, तर जंतूंनी अन्नात आधीच तयार केलेल्या विषाचा संशय घ्या, भात किंवा हाताळलेली मिठाई-पेस्ट्री. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब आले, तर रस्सा किंवा मटणाची शक्यता. नोरोव्हायरसला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. म्हणजे आज दुपारी उलटी झाली म्हणून आजच्या नाश्त्यालाच दोष देऊ नका; कारण परवा रात्रीच्या जेवणातही असू शकतं. दोन दिवसांत काय, कुठं, किती वाजता खाल्लं ते मोबाइलवर लिहून ठेवा. डॉक्टरला याचा खरोखर उपयोग होतो.

पहिलं औषध पाणी. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ओआरएस विरघळवा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, लहान दोनशे मिलीलिटरचं, तेव्हा वाचून घ्या. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं द्या. नागपूरच्या उन्हात अंगातलं पाणी घामानंही जात असतं, म्हणून त्या दिवशी फिरणं बंद आणि सावलीत विश्रांती. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनानं घेऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी न होणं, पाण्याचा घोटही न टिकणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. शहरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. गरोदर बाई, तान्हं मूल आणि वयस्कर माणूस यांच्या बाबतीत ही लक्षणं दिसायच्या आधीच डॉक्टरकडे जा.

एकाच जेवणानंतर दोन-चार जण आजारी पडले असतील तर हॉटेलच्या मॅनेजरला लगेच कळवा. तुमच्यामुळे पुढच्या पंगतीतली माणसं वाचू शकतात. तो ऐकत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा. बिल, परवाना क्रमांक आणि जेवणाची वेळ जवळ ठेवा.

आजारी पडलेल्या माणसानं मात्र त्या दिवशी बुफेकडे फिरकू नये. खोलीवर मऊ भात, ताक, मुगाचं वरण मागवा. सांगितलं तर बहुतेक स्वयंपाकघरं करून देतात. उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही निदान ४८ तास सगळ्यांच्या पळ्यांना हात लावू नका, कारण बरं वाटल्यावरही विषाणू शरीरातून बाहेर पडत असतो. तोवर तुमचं ताट घरातल्या दुसऱ्या कुणी वाढून आणावं, आणि खोलीतला नळ, कडी, रिमोट रोज साबणाच्या पाण्यानं पुसून घ्यावा.